मान डावीकडे

सिग्नल लाल होता आणि तो फुटपाथच्या कडेला पिशवी धरून उभा होता. पिशवीत एक बल्ब, कपड्यांचा साबण आणि एकट्यापुरता ब्रेड. घरातला बल्ब गेला म्हणून तो बाहेर पडला होता, आणि बल्ब मिळाल्यावर लगेच परतावंसं वाटेना म्हणून लांबच्या रस्त्याने चालला होता. समोर एक छोटी गाडी येऊन थांबली. काचा खाली, आत चार तरुण पोरं, आणि गाडीत त्याचंच गाणं चाललेलं. आधी त्याला ते ओळखूच आलं नाही, कारण आवाज धुऊन पुसून इस्त्री केल्यासारखा झाला होता. मग ओळ संपली आणि चौघांनी एकदम मान डावीकडे टाकली. झटक्यात, हनुवटी खांद्याला टेकेल अशी. त्यांच्या डावीकडे फुटपाथ होता आणि फुटपाथवर तो होता. चार कोवळे चेहरे क्षणभर सरळ त्याच्याकडे बघत होते आणि त्यांतल्या एकालाही त्याची ओळख पटली नाही. त्याचं त्याला काही वाटलं नाही. वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्याचीही मान फिरली होती. त्याने फिरवली नव्हती, झोपेत कूस बदलावी तशी ती आपली आपण फिरली, आणि डावीकडे दिव्याचा खांब होता. हिरवा, पोपडे धरलेला. आत घेतलेला श्वास आतच राहिला. सिग्नल सुटला, गाडी गेली, मागची माणसं त्याला वळसा घालून पुढे गेली, आणि तो खांबाकडे बघत उभाच.

बायको जाऊन वर्ष व्हायला आलं होतं. या वर्षात तो कुठे कोसळला नव्हता, लोकांनी धावत यावं असंही त्याने काही केलं नव्हतं. जेवत होता, दाढी करत होता, मुलीचा फोन आला की पहिल्या रिंगला उचलत होता. पण शनिवारी जुन्या नाचगाण्यांचा मोठा कार्यक्रम होता आणि त्याच्या जाहिरातीत त्याचा फोटो होता. हे सगळं मुलीने जमवलेलं. हल्लीची पोरं फोनवर त्याचं गाणं लावून माना फिरवतात हे तिनेच त्याला दाखवलं, आयोजकांशी बोलणं तिनेच केलं, आणि तो कां कूं करायला लागला तेव्हा तिनेच समजूत घातली, की बाबा, तुला काही करायचंच नाहीये, आवाज रेकॉर्डचा असणार, तू नुसते ओठ हलव आणि मान फिरव, लोक त्या मानेसाठीच येणार आहेत. तेव्हा त्याला ते सोपं वाटलं होतं. आता खांबाशेजारी उभ्या उभ्या त्याच्या ध्यानात आलं की मान फिरवली म्हणजे तिकडे बघावं लागतं. आणि त्या बाजूला रिकामी जागा त्याने आजवर कधी बघितलेली नाही. शनिवारी ती दर ओळीला बघावी लागेल, हजारो माणसांच्या देखत.

घरी आल्यावर त्याने बल्ब लावला, ब्रेड डब्यात टाकला आणि साबण न्हाणीघरात ठेवायला गेला. साबणाला ब्लीचिंगचा उग्र वास होता. दुकानात त्याने तो न बघता उचलला होता. वास नाकात गेला तसा तो पालथ्या बादलीवर बसून राहिला. लग्नानंतरची कितीतरी वर्षं त्याच्या घराला हाच वास होता. उशीला, टॉवेलला, कंगव्याला, मुलीच्या दुपट्याला. बायको पोहायला शिकवायची. दिवसभर ब्लीचिंग घातलेल्या पाण्यात असायची आणि तिच्या केसांतून तो वास कुठल्याही शिकेकाईने जायचा नाही. पहिल्यांदा ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली तेव्हाही आधी वासच आला होता. तो तेव्हा स्केटिंगच्या हॉलमध्ये माईकवर बसायचा. काम एवढंच की गाणी लावायची आणि मधूनमधून सूचना द्यायच्या. आता सगळ्यांनी उलट्या दिशेने फिरा, लहान मुलांनी कठड्याला धरा, बूट परत करताना नाड्या सोडून द्या. सूचना त्याच त्या, तोंडाला कंटाळा आला म्हणून तो त्या गाण्याच्या ठेक्यावर म्हणायला लागला, मग यमकं जुळवायला लागला, मग एकेका सूचनेचं कडवं व्हायला लागलं. सगळ्यांत जास्त हरवायचे ते मोजे. रोज संध्याकाळी एकेकटे मोजे उरायचे आणि तो ते हातात उंच धरून पुकारा करायचा. एक मोजा सापडला, निळा त्याचा काठ, ज्याचा असेल त्याने यावं, धरून यावी वाट. हॉलची आणि तरणतलावाची भिंत एकच होती. एके दिवशी अंगावर टॉवेल गुंडाळलेली, पायांवरून पाणी निथळणारी एक मुलगी सरळ त्याच्या टेबलाशी आली. लाकडी फरशीवर ओले पाय आणू नका असं तो सांगणार, तर तीच म्हणाली,

"तुमच्या मोज्यांपायी माझी पोरं बुडतील एखाद दिवशी. मी श्वास घ्या म्हणते, तुम्ही तिकडून मोजा घ्या म्हणता. पोरं तोंड उघडतात ती पाण्यातच."

त्याने आवाज कमी केला. दुसऱ्या दिवशी मात्र तो पुन्हा थोडा वाढवून ठेवला, ती यावी म्हणून. ती आली. हे असं बरेच दिवस चाललं आणि शेवटी ती म्हणाली की तुला माझ्याशी बोलायचंच असेल तर सरळ पलीकडे ये, माझ्या पोरांचे कान कशाला किटवतोस.

हॉलचे स्पीकर दुरुस्त करायला एक जण यायचा. त्याच्याकडे एक कीबोर्ड आणि ठेके वाजवणारं एक पेटीएवढं यंत्र होतं, आणि यंत्रावर त्याचा बायकोपेक्षा जास्त जीव होता, असं त्याची बायकोच सांगायची. ह्या कीबोर्डवाल्याने एकदा तो पुकारा ऐकला आणि म्हणाला, लेका, तुझं तोंड आहे की फटफटी, चल माझ्याबरोबर. फटफटी हे नाव तिथून चिकटलं ते पोस्टरवरसुद्धा तेच आलं. कीबोर्डवाल्याने गालिच्यांच्या दुकानाच्या माळ्यावर एक खोली घेतली होती. भिंतींना, छताला, दाराला गालिच्यांचे उरलेले तुकडे ठोकलेले, त्यामुळे आत बोललेला शब्द तोंडातून निघाला की तिथेच मरायचा. उन्हाळ्यात आत उभं राहिलं की लोकरीचा आणि स्वतःच्या घामाचा वास. तिथे तो पहिल्यांदा हेडफोन लावून उभा राहिला आणि तिसऱ्या ओळीला त्याचा दम संपला. हॉलमध्ये त्याला मधेच थांबता यायचं, हसता यायचं, कुणाला तरी हाक मारून वेळ काढता यायची. यंत्र थांबत नव्हतं. नाचाचा ठेका तो, त्यात माणसाने श्वास कुठे घ्यावा याची कुणी सोयच केलेली नव्हती. तो घाईघाईने हवा ओढायचा आणि कीबोर्डवाला ती रेकॉर्ड त्याला ऐकवायचा. म्हैस पाण्यातून वर आल्यासारखा आवाज. सगळ्या गाण्यावर त्या म्हशीचंच राज्य. आठवडाभर हे चाललं आणि कीबोर्डवाला म्हणाला की आवाज चांगला आहे, पण तुला फुप्फुसं कुणी दिलीच नाहीत, मी दुसरा माणूस बघतो.

त्याने हे तिला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. संध्याकाळी पोरं गेल्यावर तिने त्याला उथळ पाण्यात उभं केलं. त्याला पोहता येत नव्हतं, मोठ्या माणसाचे कंबरभर पाण्यात पाय लटपटताना कुणी बघितलं तर काय म्हणेल अशी त्याला धास्ती. तिने त्याचं तोंड पाण्यात बुडवलं आणि ओळ म्हणायला लावली. पाण्यात बुडबुडे. ओळ संपली की तिने हनुवटीला धरून त्याची मान डावीकडे वळवायची, तोंडाचा एक कोपरा पाण्याबाहेर, तेवढ्यातून चिमूटभर हवा, आणि पुन्हा खाली. पोट भरेल एवढी हवा घेऊ नकोस, ती सांगायची, पुढच्या ओळीपुरती घे. हावरटासारखा श्वास घेणारा आधी बुडतो. तो नाकातोंडात पाणी जाऊन खोकायचा, डोळे लाल व्हायचे, आणि ती डावीकडे उभी राहून त्याच्या चेहऱ्याची वाट बघायची. दर ओळीला तिचा चेहरा यायचा आणि जायचा. मग ती माळ्यावर आली, गालिच्यांच्या खोलीत त्याच्या डाव्या बाजूला दाटीवाटीने उभी राहिली, आणि त्याने माईक म्हणजे पाणी समजून सगळं गाणं म्हटलं. ओळ संपली की मान तिच्याकडे, चिमूटभर हवा, पुन्हा माईक. रेकॉर्डवर श्वास आला नाही. कीबोर्डवाल्याने पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकलं आणि विचारलं, अरे, मधे तू मरतोस की काय?

गाणं चाललं. का चाललं हे कुणालाच सांगता आलं नाही. हरवलेल्या मोज्याचं गाणं, त्यात ना प्रेम ना विरह, पण ज्या हॉलमध्ये लागायचं तिथे खुर्च्या रिकाम्या व्हायच्या. पाय तुझा उघडा बाई, फरशी आहे गार, नाचत नाचत ये ना इकडं, उघडं आहे दार. वर्तमानपत्रात एका शहाण्याने लिहिलं की मोजा हे आजच्या माणसाच्या एकटेपणाचं प्रतीक आहे. बायकोने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाली, अगं बाई, आणि मी समजत होते तो हॉलवर यायच्या त्या दातपडक्या पोराचा मोजा आहे. स्टेजवर तो जायला लागला तशी ती विंगेत डाव्या बाजूला उभी राहायला लागली. दुसरीकडे उभी राहिली असती तर तो गुदमरला असता, इतकं साधं कारण होतं. लोकांना वाटलं ती त्याची अदा. मान झटक्यात डावीकडे आणि परत समोर. पोरं आरशासमोर तालीम करायला लागली, नाचघरांमधून रांगाच्या रांगा माना टाकायला लागल्या, आणि एका गावात तर एक पोरगा मानेला पट्टा बांधून सही मागायला आला आणि म्हणाला, दादा, तुमच्यामुळे झालं. पुढे त्यालाही तसाच पट्टा लागला. बायको तो बांधून द्यायची आणि सांगायची की आता तरी उजवीकडे बघायला शीक, तिकडेही जग आहे. तो म्हणायचा, तिकडे ढोलवाला असतो, त्याचं तोंड बघून मला श्वास येत नाही.

न्हाणीघरात अंधारून आलं तरी तो उठला नाही. त्याला ती सगळी गावं आठवत होती, पण गावं म्हणून आठवतच नव्हती. प्रत्येक गावातली तीच एक गोष्ट आठवत होती, अंधारातला डावा कोपरा आणि तिथे ती. कुठे वायरींच्या भेंडोळ्यावर बसलेली, कुठे पाय दुखतात म्हणून चपला काढून उभी, कुठे मुलगी पोटात असताना पाठीला हात लावून, नंतर मुलगी कडेवर घेऊन, नंतर मुलगी तिच्या पायाशी गृहपाठ करत. लोक त्याला विचारायचे, समोर माणसांचा समुद्र असायचा, कसं वाटायचं हो? त्याला काय माहीत. तो समोर माईककडे बघायचा आणि डावीकडे तिच्याकडे. समुद्र त्याने पाहिलाच नव्हता.

मग ठेके बदलले. नवे लोक आले, ते हळू बोलायचे, रागाने बोलायचे, त्यांना मान फिरवायची गरज नव्हती, कारण आता यंत्रच तुकडे जोडून देत होतं. एक ओळ म्हण, पाणी पी, दुसरी ओळ म्हण. कार्यक्रम कमी झाले, मग दुकानांची उद्घाटनं, मग तीही नाहीत. त्याला वाईट वाटलं, पण लोकांना वाटलं तेवढं नाही. शेवटी एका कंपनीने त्याचा आवाज गाड्या लावायच्या इमारतीतल्या यंत्रासाठी घेतला. कृपया कार्ड आत घाला. कृपया कार्ड बाहेर काढा. हळू म्हणा, अजून हळू, असं तिथला माणूस सांगत राहिला. बायको मुद्दाम वाट वाकडी करून तिथे गाडी लावायची आणि कार्ड उशिराने घालायची, म्हणजे तो तिला दोनदा विनंती करील. घरी येऊन सांगायची की आज तू माझ्याशी किती अदबीने बोललास.

आणि मग तिची छाती. तिच्यासारख्या बाईला छातीचं दुखणं व्हावं याचं डॉक्टरांना काही वाटलं नाही, त्यालाच वाटलं. शेवटच्या महिन्यात तिचा श्वास साऱ्या खोलीभर ऐकू यायचा. आत येताना घासत यायचा, बाहेर जाताना शिट्टी वाजायची. आयुष्यभर जिने पोरांना आणि नवऱ्याला आवाज न करता श्वास घ्यायला शिकवलं, तिला त्याची लाज वाटायची. कुणी भेटायला आलं की ती बोलणं टाळायची, ओठ मिटून घ्यायची, आणि त्यामुळे आणखीच धाप लागायची. एकदा तिने विचारलं, फार आवाज होतोय का रे? तो म्हणाला, छे, कुठे काय. तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला. पण तो चहा प्यायला खाली गेला की परत येताना लांबलचक व्हरांड्याच्या टोकापासून कान लावायचा, आणि तो घासणारा आवाज आला की त्याचे पाय सावकाश पडायला लागायचे. त्याला तो आवाज हवा होता. जगातल्या कुठल्याही गाण्यापेक्षा हवा होता. हे तिला सांगायचं सुचलं नाही. सुचलं तेव्हा व्हरांड्यात काही ऐकू येत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी तालमीला मुलगी त्याला घेऊन गेली. स्टेडियम रिकामं होतं, खुर्च्या मांडायचं काम चाललं होतं. कीबोर्डवाला आधीच आला होता, काठी टेकत, केस काळेभोर करून. त्याने मिठी मारली आणि कानात म्हणाला की घाबरू नकोस, मीपण नुसती बोटं नाचवणार आहे, सगळं भरून ठेवलंय आत. साउंडवाला चाळिशीतला, पोट सुटलेला, झोप न झालेला माणूस होता. त्याने सांगितलं की जुनी रेकॉर्ड साफ केली आहे, खरखर काढली आहे, ओळी जवळजवळ आणल्या आहेत, तुम्हाला काहीच त्रास नाही. मुलगी म्हणाली, बाबा, मी तिकडे उभी राहते. आई उभी राहायची तिथे. चालेल ना? तो हो म्हणाला. नाही कसं म्हणणार. तिने आईचीच सवय उचलली होती, पोटाशी हात बांधून एका पायावर भार टाकून उभं राहायची, आणि ते तिला माहीतही नव्हतं.

गाणं सुरू झालं. त्याचा चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज छतापर्यंत भरला आणि तो ओठ हलवायला लागला. पहिली ओळ संपली, त्याने मान टाकली, आणि तेवढ्यात दुसरी ओळ सुरूपण झाली होती. ओळींच्या मधली जागा कुणीतरी शिवून टाकली होती. तिसऱ्या ओळीला तो मागे पडला. चौथीला त्याने नीट बघितलं. डाव्या कोपऱ्यात मुलगी उभी होती, पस्तिशीची, दमलेली, त्याला धीर यावा म्हणून हसणारी. डोळे तिने त्याचे घेतलेले, आईचे नाही. ती त्याची मुलगी होती आणि त्या जागी ती कुणीच नव्हती. दर ओळीला तो तिच्याकडे बघणार आणि दर ओळीला ती हे त्याच्या तोंडावर वाचणार. उद्या, आणि लोकांना आवडलं तर परवा, आणि पुढेही. आताच तिचं हसू थोडं कमी झालं होतं. त्याने हात वर केला. साउंडवाल्याने गाणं थांबवलं.

कीबोर्डवाल्याने बोटं नाचवायची थांबवली. मुलगी पुढे आली आणि विचारलं, बरं वाटत नाहीये का, पाणी आणू का, नको असेल तर आत्ता नाही म्हणून सांगू. मी सांगते त्यांना. तिचा आवाज बारीक झाला होता. लहानपणी काही फुटलं की व्हायचा तसा.

"तू इथे नको उभी राहू," तो म्हणाला. "समोर बस."

"समोर कुठे?"

"त्या खुर्च्यांमध्ये. मधोमध. मला दिसशील अशी."

"मग तू मान फिरवशील तेव्हा तिकडे कोणीच नसेल, बाबा."

"नसू दे. फिरवतच नाही."

ती पायऱ्या उतरून गेली, रिकाम्या रांगांमधून वाट काढत, एका खुर्चीवर बसली, आणि काय करावं न सुचून पर्स मांडीवर घट्ट धरली. तो साउंडवाल्याकडे वळला आणि म्हणाला की माझा आवाज काढून टाक, नुसता ठेका ठेव, हा माईक चालू कर. साउंडवाल्याने आयोजकांचं नाव घेतलं, वेळेचं नाव घेतलं. मग कीबोर्डवाल्याकडे बघितलं. कीबोर्डवाला म्हणाला, कर रे बाबा, तो ऐकणाऱ्यातला नाही, आणि मलाही दोन पट्ट्या दाबू दे खऱ्या.

ठेका सुरू झाला. नुसता, उघडा, छातीत ठोकणारा. तो मधल्या खुर्चीकडे बघून म्हणायला लागला. आवाज जाडा झाला होता, शब्द एकमेकांच्या पायात येत होते, पण ओळ झाली. ओळ संपली आणि त्याची मान जागची हलली नाही. त्याने तोंड उघडलं आणि समोरूनच हवा ओढली, पोट भरून, हावरटासारखी, आणि ती सगळी माईकमध्ये शिरली. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये चारी बाजूंच्या स्पीकरमधून एका म्हाताऱ्या माणसाचा श्वास घासत निघून गेला. खुर्च्या मांडणारी माणसं थांबून वर बघायला लागली. दुसरी ओळ. पुन्हा श्वास. मुलीने पर्स सोडली होती आणि हात तोंडाशी नेला होता, आणि तो तिच्याकडे बघत होता, तिचे भिजलेले गाल, तिचं कपाळ, जिथे आजवर नुसता उजेड असायचा तिथे बसलेलं एक माणूस.

साउंडवाल्याने हेडफोन एका कानावरून सरकवून हाक मारली.

"काका, तुमचा श्वास येतोय आत. फार येतोय. कापून टाकू का?"

"येऊ दे," तो म्हणाला.

तेवढं बोलण्यात तिसरी ओळ निघून गेली. ठेका काही थांबला नाही. पुढची फेरी येईपर्यंत तो माईकसमोर तसाच उभा राहिला, मुलीकडे बघत, तोंड उघडं ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असा श्वास घेत.